सोइचिरो होंडा : अर्धी सांगितलेली गोष्ट



मागच्या महिन्यात एका पालकांचा फोन आला. त्यांचा मुलगा चौथीला माझ्या वर्गात होता, आता नववीत आहे. गाड्यांचं भारी वेड! जपानमधल्या मॉडिफाय केलेल्या गाड्यांचे व्हिडिओ तो तासन्‌तास बघतो. कोणत्या गाडीला कोणता टर्बो बसवलाय, कोणती गाडी किती खाली घेतलीय, सगळं तोंडपाठ. वडिलांनी बरीच वर्षं पैसे बाजूला टाकून पुढच्या सुट्टीत त्याला जपान दाखवायचं ठरवलंय. त्यासाठी काय काय बघावं हे त्यांनी विचारलं, पण खरी काळजी वेगळीच होती. मुलाचं म्हणणं असं की दहावीनंतर शिकायचं नाही, थेट गॅरेजमध्ये कामाला लागायचं. होंडा तरी कुठे शिकला होता?

ही गोष्ट त्याला सांगितली कोणी? मीच. पाच वर्षांपूर्वी, परिपाठात.

फोन ठेवल्यावर मी सोइचिरो होंडा यांचं चरित्र पुन्हा नीट वाचलं. मी सांगितलेली गोष्ट खोटी नव्हती, पण अर्धी होती. उरलेली अर्धी आज इथे लिहीत आहे. त्यांच्या आयुष्यातली ठिकाणं आजही बघता येतात, म्हणून शेवटी त्या बापलेकांच्या सहलीची आखणीही दिली आहे.

लोहाराचा मुलगा

सोइचिरो यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ रोजी जपानमधल्या कोम्यो या खेडेगावात झाला. हे गाव आता हामामात्सु शहराच्या तेनर्यू भागात येतं. वडील गिहेई लोहारकाम करत आणि सायकली दुरुस्त करत. आई मिका विणकाम करायची. घरात पैसा नव्हता, पण अवजारं भरपूर होती. वडिलांच्या भट्टीपाशी सतत लुडबुड केल्यामुळे पोराचं नाक काळं झालेलं असायचं. त्यावरून शाळेत मुलं त्याला काळ्या नाकाचं मुंगूस अशा अर्थाच्या नावाने चिडवायची.

गावात पहिल्यांदा मोटार आली तेव्हा सोइचिरो तिच्यामागे धावत सुटला. जमिनीवर सांडलेल्या तेलाचा वास त्याने नाकात भरून घेतला, तो आयुष्यभर विसरला नाही. १९१७ साली आर्ट स्मिथ नावाचा अमेरिकन वैमानिक हामामात्सुला विमानाच्या कसरती दाखवायला आला होता. सोइचिरोने शाळा बुडवली, वडिलांची मोठी सायकल काढली आणि सीटवर पाय पोचत नसल्याने दांडीखालून पाय घालून सुमारे २० किलोमीटर गेला. तिकिटाला पैसे पुरले नाहीत, तर झाडावर चढून विमान बघितलं.

आता शाळेचा प्रसंग. हाच मी परिपाठात रंगवून सांगितला होता. अभ्यासात सोइचिरो यथातथाच होता. त्या काळी प्रगतिपुस्तकावर पालकांच्या सहीऐवजी घरचा शिक्का मारून आणावा लागे. गुण कमी, मग घरी दाखवायचं कसं? या पठ्ठ्याने सायकलच्या पायट्याचं रबर कोरून घरचा शिक्का तयार केला. तो खपला. मग मित्रांसाठीही शिक्के करून दिले आणि तिथे पकडला गेला. शिक्का कोरताना अक्षरं उलटी कोरावी लागतात हे त्याला माहीत नव्हतं. होंडा हे आडनाव जपानी लिपीत डावी-उजवीकडून सारखंच दिसतं, म्हणून त्याचा शिक्का बरोबर उमटला. मित्रांची नावं मात्र आरशात पाहिल्यासारखी उलटी उमटली!

मुलं पोट धरून हसली होती. मीही हसले होते. पण त्या दिवशी एक गोष्ट सांगायची राहिली. हा मुलगा फसला तो हात कच्चे होते म्हणून नाही. हात तयारच होते. त्यामागचं एक साधं ज्ञान कमी पडलं. पुढे तिशीत त्याच्यावर हीच वेळ पुन्हा आली.

टोकियोचं गॅरेज

१९२२ साली शाळेची आठ वर्षं पूर्ण करून सोइचिरो टोकियोला गेला. आर्ट शोकाई नावाच्या गॅरेजमध्ये त्याला जागा मिळाली. मालक होते युझो साकाकिबारा. पंधरा वर्षांच्या या पोराला वाटलं, आता इंजिन हातात येणार. पण सुरुवातीला हातात आलं ते मालकांचं तान्हं बाळ! बाळ सांभाळणं आणि झाडलोट हेच काम. बाळाला पाठीला बांधून तो मेकॅनिकांचं काम बघत राही. परत घरी जावंसं अनेकदा वाटलं, पण टिकला.

१ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियोत मोठा भूकंप झाला आणि आगी लागल्या. गॅरेज जळालं. बरेच कामगार गावी निघून गेले. सोइचिरो मात्र राहिला. जळालेल्या गाड्या दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणायचं काम मालकांनी घेतलं होतं आणि या कामात त्याचा हात तयार झाला.

आज ज्याला ट्यूनिंग म्हणतात, म्हणजे तयार गाडी घेऊन ती आपल्या हाताने जास्त वेगवान आणि वेगळी करायची, त्याची गोडी त्याला इथेच लागली. साकाकिबारांनी एक शर्यतीची गाडी बांधायला घेतली. सांगाडा मिचेल या अमेरिकन मोटारीचा आणि त्यावर कर्टिस कंपनीच्या विमानाचं आठ सिलिंडरचं इंजिन. दिवसभर गॅरेजचं काम आणि रात्री ही गाडी. नोव्हेंबर १९२४ मध्ये या गाडीने शर्यत जिंकली. मालकांचे धाकटे भाऊ चालवत होते आणि शेजारी मेकॅनिक म्हणून बसला होता अठरा वर्षांचा सोइचिरो. ही गाडी आजही मोतेगीच्या संग्रहालयात आहे.

सहा वर्षं शिकून १९२८ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी हामामात्सुला आर्ट शोकाईची शाखा काढली. तेव्हा मोटारींच्या चाकांना लाकडी आरे असत. सोइचिरोंनी ओतीव लोखंडाचे आरे तयार केले आणि त्याचं पेटंट मिळवलं. धंदा जोरात चालला.

शर्यतीचं वेड मात्र सुटलं नव्हतं. ७ जून १९३६ रोजी टोकियोजवळ तामा नदीच्या काठी नव्या ट्रॅकवर पहिली शर्यत झाली. फोर्डचं इंजिन आपल्या हाताने सुधारून बसवलेली गाडी घेऊन सोइचिरो उतरले. शेजारी धाकटा भाऊ बेंजिरो. गाडी जोरात असतानाच दुसऱ्या गाडीशी टक्कर झाली आणि दोघेही बाहेर फेकले गेले. सोइचिरोंच्या चेहऱ्याला मार लागला. बेंजिरोच्या पाठीचा कणा मोडला.

व्हिडिओत वेग दिसतो, शेजारी बसलेला भाऊ दिसत नाही. आपल्या गावात सायलेन्सर बदलून गाडी उडवणाऱ्या पोरांना हा प्रसंग आवर्जून सांगावा.

पन्नासातल्या तीन रिंगा

आता ती राहिलेली अर्धी गोष्ट.

दुसऱ्याच्या गाड्या दुरुस्त करण्यापेक्षा स्वतः काही बनवावं असं सोइचिरोंना वाटू लागलं. त्यांनी पिस्टन रिंग निवडली. इंजिनात पिस्टनभोवती बसणारी ही एक छोटी कडी. आतला दाब बाहेर निसटू द्यायचा नाही आणि तेल आत जाऊ द्यायचं नाही, एवढं तिचं काम. दिसायला अंगठीएवढं साधं. इतकी वर्षं लोखंडाशी खेळलेल्या माणसाला यात अवघड ते काय?

पण जमेना. रात्र रात्र भट्टीपाशी बसून ओतकाम केलं तरी कड्या मोडत किंवा नीट बसत नसत. साठवलेले पैसे संपत चालले. ओतकाम करणाऱ्या जुन्या कारागिरांना विचारलं, त्यांनाही उत्तर देता येईना. शेवटी ते हामामात्सुच्या तांत्रिक विद्यालयातल्या प्राध्यापकांकडे गेले. तपासणी झाली आणि कळलं की धातूत सिलिकॉन कमी आहे. सिलिकॉन हा शब्दच सोइचिरोंना नवीन होता.

त्या दिवशी या माणसाने काय करावं? वय तिशीचं, लग्न झालेलं, गॅरेजचा मालक, पन्नास कामगारांवर हुकूम चालवायची सवय. तो शाळेत जाऊन बसला! त्याच तांत्रिक विद्यालयात बाहेरचा विद्यार्थी म्हणून नाव घातलं आणि आपल्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान पोरांच्या शेजारी बसून सुमारे दोन वर्षं धातुशास्त्र ऐकलं. परीक्षा दिल्या नाहीत, म्हणून नाव कमी झालं आणि पदविका मिळाली नाही. पदविकेच्या कागदाची त्यांनी पुढे थट्टाही केली. पोरांना तेवढंच आठवतं. पण नाव कमी झाल्यावरही ते वर्गात जाऊन बसत राहिले, हे कोणी सांगत नाही.

रिंगा तयार झाल्या. टोयोटाला पन्नास नमुने पाठवले, त्यातले तीन पास झाले. फक्त तीन. मग पुन्हा वेगवेगळी विद्यापीठं आणि पोलादाचे कारखाने पालथे घातले, पद्धत शिकून घेतली आणि तेव्हा कुठे टोयोटाला पुरवठा सुरू झाला.

म्हणून मी त्या मुलाच्या वडिलांना सांगितलं की होंडा शाळेला कंटाळले हे खरं, पण शिकण्याला कंटाळले नाहीत. आणि हाताचं ज्ञान जिथे संपलं तिथे त्यांना वर्गातच जावं लागलं. पंधराव्या वर्षी सुटलेला धडा तिसाव्या वर्षी गिरवायचा म्हणजे दिवसा कारखाना, मग वर्ग, मग रात्री भट्टी, असा दुप्पट दमणूक करणारा प्रकार असतो.

गरम पाण्याच्या डब्यातलं पेट्रोल

युद्धात हामामात्सुवर बॉम्ब पडले. जानेवारी १९४५ च्या भूकंपात एक कारखाना कोसळला. युद्ध संपल्यावर सोइचिरोंनी आपला हिस्सा टोयोटाला साडेचार लाख येनला विकला आणि चक्क वर्षभर सुट्टी घेतली. काही केलं नाही. लोकांना वाटलं, संपला हा माणूस.

१९४६ साली हामामात्सुत एक लहानशी शेड उभी राहिली. सैन्याच्या वायरलेस यंत्रांना वीज पुरवणारी छोटी इंजिनं युद्धानंतर पडून होती. सोइचिरोंनी ती मिळवली आणि सायकलला बसवली. पेट्रोलची टाकी? जपानमध्ये थंडीत अंथरुणात ठेवायचा गरम पाण्याचा डबा असतो, तोच लावला! पत्नी साची धान्य आणायला लांबवर सायकल मारत जायच्या, त्यांचे कष्ट वाचावेत हाही एक हेतू होता. पहिली चाचणीही साचींनीच शहराच्या रस्त्यावर गाडी चालवून घेतली. ती शेकडो इंजिनं संपल्यावर स्वतःचं इंजिन बनवलं आणि २४ सप्टेंबर १९४८ रोजी होंडा मोटर कंपनीची स्थापना झाली.

पुढच्याच वर्षी ताकेओ फुजिसावा त्यांना येऊन मिळाले. पैसा आणि विक्री फुजिसावांनी बघायची, यंत्रं सोइचिरोंनी. स्वतःला काय येत नाही हे ओळखून ते काम दुसऱ्याच्या हाती पूर्ण विश्वासाने सोपवणं, हासुद्धा शहाणपणाचाच भाग. १९५८ साली आलेली सुपर कब या जोडीनेच घडवली. खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या पोराला एका हातात ट्रे धरून चालवता यावी, म्हणून तिला हाताचा क्लचच ठेवला नाही. २०१७ पर्यंत अशा दहा कोटी गाड्या तयार झाल्या. १९६१ साली आईल ऑफ मॅन बेटावरच्या प्रसिद्ध शर्यतीत होंडाच्या मोटारसायकलींनी दोन गटांत पहिले पाच क्रमांक मिळवले. १९६२ मध्ये सुझुका इथे कंपनीने शर्यतीचा ट्रॅक बांधला आणि १९६५ मध्ये मेक्सिकोत फॉर्म्युला वनची पहिली शर्यत जिंकली.

ज्या दिवशी त्यांनी ऐकलं

इथवर वाचून वाटेल, हा माणूस कधी चुकलाच नाही. तसं नाही. ते तापट होते. काम बिघडलं की हातातलं अवजार फेकत, कामगारांवर हातही उचलत. माणूस मोठा झाला म्हणून ही सवय मोठी होत नाही. आपण शिक्षकांनी तर हे आधी स्वतःला सांगायला हवं.

त्यांची सगळ्यात मोठी चूक हट्टातून झाली. इंजिन पाण्याऐवजी हवेनेच थंड करायचं, या मताला ते चिकटून बसले. १९६८ साली हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची शर्यतीची गाडी तयार झाली. संघाचे मुख्य चालक जॉन सर्टीस यांना ती तयार वाटली नाही, त्यांनी ती शर्यतीत चालवली नाही. फ्रान्समधल्या शर्यतीत जो श्लेसर या चालकाने ती चालवली. सुरुवातीच्याच फेऱ्यांत गाडी घसरून पेटली आणि श्लेसर यांचा मृत्यू झाला.

त्यानंतरही हट्ट सुटला नाही. नवी मोटारसुद्धा हवेनेच थंड होणारी काढली. कंपनीतले तरुण अभियंते पाण्याच्या बाजूने होते. एवढ्या मोठ्या माणसासमोर बोलणार कोण? तादाशी कुमे नावाचा एक अभियंता तर वैतागून काही दिवस कामावरच आला नाही. शेवटी फुजिसावांनी सोइचिरोंना एकच विचारलं, की ते कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहणार आहेत की अभियंता म्हणून. सोइचिरोंना अर्थ कळला. त्यांनी तरुणांना पाण्यावर काम करायची मोकळीक दिली.

त्यातूनच १९७२ साली सीव्हीसीसी नावाचं इंजिन पुढे आलं. अमेरिकेने धुरावर घातलेली कडक मर्यादा पाळणं मोठमोठ्या कंपन्यांना अशक्य वाटत होतं. या इंजिनाने ती पाळून दाखवली. अमेरिकन कंपन्यांना मागे टाकायची ही संधी आहे असं सोइचिरो मोठ्या आनंदाने सांगत. तरुण अभियंत्यांना ते रुचलं नाही. त्यांच्या मनात हे काम स्वच्छ हवेसाठी होतं, आपल्या मुलाबाळांसाठी होतं. हे कानावर आल्यावर सोइचिरो चिडले नाहीत. आपण फक्त कंपनीपुरता विचार करायला लागलोय, म्हणजे आपली वेळ झाली, असं त्यांनी मानलं. १९७३ साली ते आणि फुजिसावा एकाच वेळी निवृत्त झाले. सोइचिरोंचं वय होतं ६६.

खुर्ची मुलाला दिली नाही. नवे अध्यक्ष झाले कियोशी कावाशिमा. ते हामामात्सुच्या त्याच तांत्रिक विद्यालयातून शिकून आले होते, जिथे सोइचिरोंना पदविका मिळाली नव्हती! आणि कावाशिमांनंतर अध्यक्ष झाले तेच वैतागून घरी बसलेले कुमे.

मुलगा हिरोतोशी यांनी १९७३ मध्येच स्वतःची वेगळी कंपनी काढली, मुगेन. गाड्या ट्यून करण्यात आज तिचं मोठं नाव आहे. नावाचा अर्थ अमर्याद. आमच्या त्या मुलाला मुगेन पाठ आहे, पण ते होंडांच्या मुलाने शून्यापासून उभं केलं हे त्याला माहीत नव्हतं.

निवृत्तीनंतर सोइचिरो देशभर फिरून कारखान्यांतल्या आणि दुकानांतल्या कामगारांना भेटले, त्यांचे आभार मानले. एका कामगाराने हात तेलकट आहे म्हणून मागे घेतला, तर त्यांनी तोच हात धरला. ५ ऑगस्ट १९९१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. मोटारी बनवणाऱ्याच्या अंत्ययात्रेने रस्ते अडू नयेत म्हणून कंपनीतर्फे मोठा अंत्यविधी करू नका, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

आपल्याकडे १९८४ साली हिरो आणि पुण्याची कायनेटिक या दोन कंपन्यांबरोबर होंडाची भागीदारी झाली. त्यामुळे अनेक घरांत हे नाव जपानचं न राहता घरचंच झालं.

सहलीची आखणी

१. टोकियोहून बुलेट ट्रेनने हामामात्सु. पुढे तेनर्यूच्या फुतामाता भागात सोइचिरो होंडांच्या जीवनावरचं छोटं संग्रहालय आहे. सुरुवात इथूनच करावी.

२. हामामात्सुहून नागोयामार्गे सुझुका. ट्रॅक बघायचा, तो इंग्रजी आठच्या आकड्यासारखा स्वतःलाच ओलांडून जातो.

३. परत टोकियो आणि तिथून तोचिगी प्रांतातलं मोतेगी. उत्सुनोमियापर्यंत रेल्वे, पुढे रस्त्याने. होंडा कलेक्शन हॉलला पूर्ण दिवस द्यावा. १९२४ ची कर्टिस गाडी इथेच.

४. मॉडिफाय केलेल्या गाड्यांसाठी योकोहामाजवळचा दायकोकु हा महामार्गावरचा थांबा प्रसिद्ध आहे. तिथे गाडीनेच जाता येतं आणि गर्दी वाढली की पोलीस तो बंद करतात. टोकियो ऑटो सलोन हे मोठं प्रदर्शन जानेवारीत असतं, म्हणजे आपली शाळा चालू असताना. त्यासाठी शाळा बुडवू नये!

५. २९ एप्रिल ते ५ मे या दिवसांत जपानमध्ये सलग सुट्ट्या असतात, सगळीकडे गर्दी. मे महिन्याच्या मध्यावर जावं.

आणखी एक. जपानमध्ये गाडीत बदल करून चालत नाही, ती शाकेन नावाच्या तपासणीत पास व्हावी लागते. नव्या खासगी मोटारीला पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. गाडी सुधारणाऱ्यालाही परीक्षा असतेच!

वर्गात विचारण्यासाठी प्रश्न

१. मित्रांचे शिक्के उलटे का उमटले? घरी बटाटा कोरून करून बघा.

२. पिस्टन रिंग जमत नव्हती तेव्हा सोइचिरो कोणाकोणाकडे गेले?

३. मोठ्या माणसाने लहानांचं ऐकलं असा तुमच्या घरातला एक प्रसंग लिहा.

त्या मुलाला गॅरेजमध्ये जाऊ नको असं मी सांगणार नाही. सुट्टीत जरूर जावं, पाने-स्क्रूड्रायव्हर हाती घ्यावेत. दहावीनंतर आयटीआय आहे, डिप्लोमा आहे, दोन्ही वाटा इंजिनापर्यंतच जातात. वडिलांनी त्याला फोन दिला तेव्हा मी एवढंच विचारलं, की पिस्टन रिंगमध्ये सिलिकॉन का लागतं. तो गप्प झाला. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला, त्याने विज्ञानाच्या सरांना विचारलं होतं.

तुमच्या वर्गात ही गोष्ट सांगणार असाल, तर कृपया पूर्ण सांगा.